एकतीस मार्चच्या पुढे

१९/३/२०२५, बुधवार

आत्मारामच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. सोमवारी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी डोळ्यात वायू भरला आहे. तो पडद्याला दाबून राहावा म्हणून दोन आठवडे पालथं पडून राहायचं, जेवण-आंघोळीपुरतं उठायचं. डाव्या डोळ्यात आधीच मोतीबिंदू. म्हणजे महिनाभर संगणकाकडे बघणं बंद.

शिमग्याला गावी जाऊन पालखी नाचवली होती. सत्तावन्न वर्षांचा माणूस! पालखी नाचवल्याने पडदा सुटत नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी वाद घातला नाही. माझं मत माझ्यापाशी.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोने, गंगाने, दोन उशांत फट ठेवली आहे. त्या फटीत त्याचं तोंड. त्याला फक्त फरशी दिसते.

"बाई आल्या," तो फरशीला म्हणाला.

"कशावरून?"

"पाय वळखले. करंगळीला पट्टी कसली? नवी चप्पल चावली ना?"

"तू डोळे मिटून पड."

आमच्या आरोग्य मंडळाचा दवाखाना रत्नागिरीत, आणि अलोरे व बुरोंडी इथे दोन उपकेंद्रं. तिथे ईसीजी काढतात, इथले हृदयाचे डॉक्टर तो लगेच वाचतात. हे सगळं जोडणारी यंत्रं बारा वर्षं एकटा आत्माराम सांभाळतो. आमचे खजिनदार उन्मेष यांनी आजच फोन केला. काम एखाद्या कंपनीला देऊन टाकावं, म्हणाले. मी म्हटलं, महिनाभर मी बघते. ते हसले. मला बहात्तरावं चालू आहे हे मला ठाऊक आहे. आठवण करून द्यायची गरज नव्हती.

२१/३/२०२५, शुक्रवार

सर्व्हरच्या खोलीत तीन तास.

हे डीएनएस म्हणजे काय याचा बाऊ फार. नाव सांगा, पत्ता मिळेल. मी टेलिफोन खात्यात बावीस वर्षं १९७ वर हेच केलं. माणूस नाव सांगायचा, आम्ही नंबर सांगायचो. इथे बुरोंडीचं ईसीजीचं यंत्र विचारतं, ईसीजी घेणारा संगणक कुठे आहे? आमचा सर्व्हर पत्ता देतो. मूळ डिरेक्टरी रत्नागिरीत. पावसाळ्यात घाटाखालची लाइन तुटते म्हणून अलोऱ्याला तिची एक प्रत ठेवली आहे. अलोऱ्याचे लोक त्यांच्या प्रतीला विचारतात, बुरोंडीचे आम्हाला. झालं.

सर्व्हर आपल्या चुकांची नोंद ठेवतो, तिला लॉग म्हणतात. आमच्याकडेही लॉगबुक असायचं. फोन कानाशी धरून मी एकेक ओळ वाचत होते आणि आत्माराम उशीतून अर्थ सांगत होता. त्याचा आवाज हंड्यात तोंड घातल्यासारखा येतो.

मी वहीत मराठीत उतरवून घेतलं. 'एनएक्सडोमेन' म्हणजे या नावाचं डिरेक्टरीत कोणी नाही. 'सर्व्हफेल' म्हणजे शोधायला गेलो, पण धड उत्तर घेऊन येता आलं नाही. 'रिफ्यूज्ड' म्हणजे माहीत असेल, पण तुम्हाला सांगणार नाही. आमच्या एक्स्चेंजमध्ये या तिन्ही स्वभावांच्या मुली होत्या.

एका ओळीने मात्र मी हादरले. बुरोंडीहून कोणीतरी एकच चुकीचं नाव तासाला चारशे वेळा विचारतं आहे.

"हा कोण आहे? याला बंद कर."

"तो थयल्या केंद्राच्या ओटीवरचा टीव्ही, बाई. नेटवरनं आपल्या कंपनीला शोधतो. कंपनी बुडाली त्याची. बिचारा अजून आईला हाक मारतो. रागवू नुका त्याला."

"चारशे वेळा?"

"वरडणाऱ्याकडं लक्ष देऊ नुका. लॉगात जेवढं लाल दिसतं तेवढं आजारी नसतं. गप्प झालेल्याकडं बघायचं."

हे वाक्य बरं आहे. लिहून ठेवलं.

माणूस हुशार, शिक्षण दहावी. एक्स्चेंजमध्ये रोजंदारीवर केबल ओढायला आला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. खात्याने त्याला कायम केलं नाही. २०१३ मध्ये मी निवृत्त होऊन मंडळाची सेक्रेटरी झाले, तेव्हा पहिलं काम केलं ते त्याला इथे आणण्याचं. माझ्या नोकरीत लॉगबुकात मी एकदाच खोटी नोंद केली. ती कोणासाठी केली ते इथे लिहायचं कारण नाही.

२४/३/२०२५, सोमवार

आज पहिला बदल स्वतः केला. दवाखान्यात नवं छपाईयंत्र आलं, त्याचं नाव डिरेक्टरीत घातलं.

या फाईलच्या माथ्यावर एक क्रमांक असतो. काही बदललं की तो वाढवायचा. अलोऱ्याचं यंत्र अधूनमधून येऊन तेवढा क्रमांक बघतं. वाढलेला दिसला तर नवी प्रत नेतं, नाहीतर आल्या पावली परत जातं. आत्मारामने मला दहा वेळा बजावलं, आकडा वाढवायला विसरू नका.

त्याची पद्धत बघून मला आश्चर्य वाटलं. १ पासून सुरू करून तो १४७ वर आला आहे. १४७ म्हणजे काय? बदल कधी केला, काही कळत नाही. खात्यात पहिल्या दिवशी शिकवलेलं पहिलं वाक्य: नोंदीवर तारीख. आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. मी १४७ खोडून आजची तारीख घातली, २४०३२०२५. दहा मिनिटांत अलोऱ्याने नवी प्रत उचलली. बारा वर्षांत त्या फाईलला प्रथमच शिस्त लागली.

आत्मारामला सांगायला फोन केला, पण गंगा डोळ्यात थेंब घालत होती. राहू दे. सांगण्यासारखं विशेष काही नाही.

२७/३/२०२५, गुरुवार

दुसरा बदल. २७०३२०२५. पहिल्या फटक्यात अलोऱ्याला पोचला. उन्मेषना मुद्दाम कळवलं.

३०/३/२०२५, रविवार. पाडवा

आत्मारामकडे श्रीखंड घेऊन गेले. त्याला वाटी फरशीवर ठेवून चमच्याने खायचं होतं. गंगा म्हणाली, "गुढी उभी केली तर म्हणे मला दाखव. आता पालथ्या माणसाला गुढी कशी दाखवू? शेवटी आरसा धरला खाली."

"दिसली?"

"दिसली. उलटी दिसली, पण आमचीच होती," तो म्हणाला.

मला हसू आलं, पण त्याला फक्त पाय दिसतात, म्हणून चाललं.

मग कामाचं बोलला. परवा ईसीजी घेणारा संगणक जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत जायचा आहे. त्याचा पत्ता बदलणार, म्हणून डिरेक्टरीतही बदलायला हवा. महत्त्वाचं तेवढंच.

"आकडा वाढवताय ना, बाई?"

"दर वेळी वाढवते."

"मंग कायसुदिक भ्यायचं नाय."

३१/३/२०२५, सोमवार

जुनं छपाईयंत्र डिरेक्टरीतून काढलं. ३१०३२०२५. पोचला.

पुढच्या वर्षी याच दिवशी आत्माराम मंडळातून निवृत्त होईल. नंतर ही खोली कोण बघणार, याचा विचार मी अजून केलेला नाही. केला पाहिजे.

१/४/२०२५, मंगळवार

संगणक हलला. सकाळी नऊला मी पत्ता बदलला आणि क्रमांक घातला, ०१०४२०२५. बुरोंडीहून चाचणीचा ईसीजी मागवला, आला. जुनी जोडणी काढून टाकायला सांगितली.

एक गंमत. लॉगमध्ये माझा क्रमांक १०४२०२५ असा उमटला. पुढचं शून्य यंत्राने गिळलं. नव्याने लागलेल्या ऑपरेटर मुलीही पहिलं शून्य गिळायच्या. त्यांना मी सरळ करत असे. यंत्राला कोण करणार?

२/४/२०२५, बुधवार

अलोऱ्याहून ईसीजी येत नाही.

मालनचा फोन आला. ती तिथली परिचारिका, चटपटीत मुलगी. यंत्र बराच वेळ थांबतं आणि 'पलीकडे कोणी नाही' म्हणतं. तिने कागदाचा फोटो मोबाइलवरून डॉक्टरांना पाठवला. तात्पुरतं भागलं. पण केंद्र ज्या कॉलनीत आहे तिच्या त्या कोपऱ्यात मोबाइलला रेंज कधी असते, कधी नसते.

इथला लॉग मी ओळ न् ओळ तपासला. एकही चूक नाही. 'अलोऱ्याला सूचना पाठवली' असं स्वच्छ लिहिलं आहे. बुरोंडी चालू, अलोरे बंद. याचा अर्थ दोष अलोऱ्यात.

आत्मारामला सांगितलं नाही. आजच त्याला उठून बसायची परवानगी मिळाली. डॉक्टर म्हणतात, डोक्याला ताप नको.

३/४/२०२५, गुरुवार

मालनला अलोऱ्याच्या यंत्राचा लॉग उघडायला लावला. दीड तास गेला.

"बाई, इथे एकच वाक्य पुन्हा पुन्हा आलंय. मालकाकडून, म्हणजे तुमच्याकडून, आलेला क्रमांक आपल्यापेक्षा लहान, म्हणून घेतला नाही, असं काहीतरी."

"आकडे वाच."

"आलेला एक-शून्य-चार-दोन-शून्य-दोन-पाच. आपला तीन-एक-शून्य-तीन-दोन-शून्य-दोन-पाच."

"लहान कसा? एकतीस मार्चनंतर एक एप्रिलच येतो ना?"

"येतो बाई."

"मग त्या यंत्राचं घड्याळ बघ."

घड्याळ बरोबर. तारीखही बरोबर, ३ एप्रिल. तरी त्याच्या मते एप्रिल मार्चच्या आधी येतो! महिना उलटलेला त्याला कळत नाही. त्यामुळे जुनीच प्रत कवटाळून बसलं आहे आणि ईसीजी रिकाम्या इमारतीकडे धाडतं आहे. यंत्र बिघडलं, दुसरं काही नाही. हे आत्मारामने सहा वर्षांपूर्वी कोणाचं तरी जुनं म्हणून आणलं होतं. मी तेव्हाच बोलले होते.

५/४/२०२५, शनिवार

वाईट दिवस.

सकाळी अलोऱ्याच्या केंद्रात महिपत नावाचे साठीचे शेतकरी आले, छातीत कळा. ईसीजी जाईना. मोबाइलला रेंज नाही. मालन फोन हातात धरून रस्त्यापर्यंत धावली. शेवटी रिक्षात घालून त्यांना चिपळूणला नेलं. हृदय ठीक निघालं. आदल्या दिवशी लग्नात फणसाची भाजी तीनदा घेतली होती. "एवढ्यासाठी मना चिपळूण दाखवलात?" असं म्हणत ते घरी गेले. पण तो पाऊण तास मालनचा कसा गेला ते तिच्या आवाजात कळत होतं.

दुपारी उन्मेष आले. चहा घेतला नाही.

"कमलाताई, आज फणस होता. उद्या नसेल."



शुक्रवारी, ११ तारखेला, कार्यकारिणी बोलावली आहे. ठराव त्यांनी लिहूनच आणला होता: सर्व्हरचं काम कंपनीकडे द्यावं आणि आत्मारामला एप्रिलअखेर सेवामुक्त करावं. वर्ष राहिलं आहे त्याचं. अकरा महिने. उन्मेष वाईट माणूस नाही. म्हणाले, "एका माणसाच्या डोळ्यावर आपण सगळं टांगून ठेवलंय." हे खोटं नाही.

त्यांनी माझ्याकडून लेखी अहवाल मागितला आहे. मी खरं तेच लिहीन. आत्माराम आहे म्हणून शब्द मवाळ करणार नाही.

६/४/२०२५, रविवार

अहवाल लिहिला. 'अलोरे येथील यंत्र जुने व सदोष असून तारखांचा क्रम ओळखण्यास असमर्थ आहे. खरेदीच्या वेळी योग्य तपासणी झाली नव्हती.' दोन वाक्यं. लिहायला सकाळ गेली. जेवण नीट गेलं नाही.

त्याला न सांगता पाठवणं बरोबर नाही. उद्या जाऊन स्वतः सांगते.

७/४/२०२५, सोमवार

गेले. तो पडवीत काळा चष्मा लावून बसला होता. तीन आठवड्यांनी त्याचं तोंड पाहिलं. गालांवर उशीचे वळ. मी सरळ विषयाला हात घातला. यंत्र, महिपत, ठराव, अहवाल, सगळं सांगितलं. 

"लॉगातली वळ वाचा, बाई. हाय तशी."

वाचली. एक-शून्य-चार-दोन-शून्य-दोन-पाच. तीन-एक-शून्य-तीन-दोन-शून्य-दोन-पाच.

 तो तोंड वळवून अंगणातल्या कलमाकडे बघत बसला. त्याला ते कलम अजून धड दिसत नाही. खांदे हलत होते. मला वाटलं, रडतो आहे की काय. डोळ्याला पाणी चालणार नाही म्हणून मी दरडावलं.

"नाय बाई, खोकला," तो म्हणाला. "तुमचं बरोबर हाय. यंत्र जुनं. चूक माजीच. मी तुमाला त्याची खोड सांगायला हवी होती."

"कसली खोड?"

"हाय एक. आता असं करा. इथल्या फाईलीत आकडा घाला तीन-एक-शून्य-तीन-दोन-शून्य-दोन-सहा."

"ही तर पुढच्या वर्षाची तारीख! ३१ मार्च २०२६."

"असू दे."

"तुझ्या निवृत्तीची तारीख आहे ती."

तो पुन्हा खोकला. "मंग ध्यानात ऱ्हायला सोपी. आणि बाई, यापुढं मला इचारल्याबिगर आकडा बदलू नुका. मीटिंगीत सांगा, आत्माराम म्हणतो चूक त्याची."

निघताना गंगा फाटकापर्यंत आली. "काय बोललात त्यांना? तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसताना बघितले."

मी म्हटलं, तो हसत नव्हता, खोकत होता. त्याच्या मनात ती तारीख घोळते आहे, हे मला दिसलं. म्हणून तर तोंडाला तीच आली. येताना रिक्षा केली नाही, चालत आले.

८/४/२०२५, मंगळवार

३१०३२०२६ घातला. चौथ्या मिनिटाला अलोऱ्याने प्रत उचलली. पाचव्या मिनिटाला मालनने स्वतःचा ईसीजी काढून पाठवला. डॉक्टरांनी 'उत्तम, लग्नाला हरकत नाही' असा शेरा मारला. तिला राग आला.

अहवालात तिसरं वाक्य घातलं: 'यंत्राच्या या दोषाची पूर्वकल्पना आपण द्यायला हवी होती, हे आत्माराम यांनी मान्य केले आहे.' उन्मेषना पाठवला. चूक झाली तर ती इतक्या सरळपणे कबूल करावी. हे त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे.

१०/४/२०२५, गुरुवार

मी गणितात बी.एस्सी. झाले. १९७४, दुसरा वर्ग. हे इथे मुद्दाम लिहिते, म्हणजे पुन्हा वाचताना बोचेल.

आज एक लहानसा बदल करायचा होता. आत्माराम नको म्हणाला होता, पण परवाचा तो आकडा एकदाचा तोडगा असेल असं धरून मी पुन्हा रीतसर तारीख घातली, १००४२०२५. अलोऱ्याने परत पाठवला. लहान आहे, घेत नाही.

मी मालनला म्हटलं, आकडे पुन्हा वाच. ती कंटाळली असावी. तिने अंक सुटे न वाचता बाजारातल्यासारखा अख्खा आकडा वाचला. "आलेला एक कोटी बेचाळीस हजार पंचवीस. आपला तीन कोटी दहा लाख बत्तीस हजार सव्वीस. लहानच आहे की, बाई."

मी फोन ठेवला. कागद घेतला. ३१ मार्च म्हणजे तीन कोटी दहा लाख. १ एप्रिल म्हणजे दहा लाख. पुढचं शून्य यंत्राने गिळलं नव्हतं. आकड्याच्या पुढे शून्य नसतंच. ते तारीख वाचतच नव्हतं, कधीच नाही. त्याला फक्त मोठं आणि लहान कळतं. आत्मारामच्या १४७ नंतर १४८ आला असता आणि कोणाचं काही बिघडलं नसतं.

बावीस वर्षं मी अंक वाचले. तीन-एक-शून्य-तीन. टेलिफोन नंबर लहान किंवा मोठा नसतो. तो नुसता असतो. ती सवय घेऊन मी त्या खोलीत गेले, शिस्त लावली, आणि एका माणसाला छातीत कळा घेऊन चिपळूणला पाठवलं.

अलोऱ्याचं यंत्र निर्दोष आहे. ते दर दहा मिनिटांनी मला माझी चूक सांगत होतं, आणि मी त्याचं घड्याळ तपासत होते.

आत्मारामला सोमवारीच कळलं होतं. त्याने "वळ वाचा" म्हटलं आणि तेवढ्यात त्याला कळलं. तो खोकला नव्हता.

अहवाल उन्मेषकडे आहे. सभा उद्या.

११/४/२०२५, शुक्रवार

सभा झाली. पाच जण हजर, अध्यक्ष धरून. उन्मेषनी माझा अहवाल वाचायला घेतला. मी उभी राहिले आणि म्हटलं, तो मागे घेते, आता दुसरा ऐका. या वहीतल्या २४ मार्चपासूनच्या नोंदी वाचून दाखवल्या. 'फाईलला प्रथमच शिस्त लागली' हे वाक्यही गाळलं नाही. आवाज नेहमीसारखा राहिला असावा.

 उन्मेषनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे यंत्र ठीक होतं?"

"यंत्र ठीक होतं. आत्माराम ठीक होता. सेक्रेटरी ठीक नव्हती."

"पण त्याने तर चूक कबूल केली, असं तुम्हीच लिहिलंय."

"मला वाचवायला. ते मला तीन दिवस कळलं नाही, हेही नोंदवून घ्या. आणि ठरावात सेवामुक्त करायचंच असेल तर नाव बदला. माझं घाला."

अध्यक्ष ऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना कमी ऐकू येतं असं सगळे समजतात. ते म्हणाले, "कमलाताई, तुम्ही पगार घेत नाही. तुम्हाला काढायचं कसं ते घटनेत नाही. खाली बसा."

उन्मेषनी ठराव मागे घेतला. त्यांच्या जागी मी असते तर इतक्या लवकर घेतला नसता. फक्त एक अट घातली, आणि ती योग्य आहे: हे काम येणारी दोन माणसं हवीत. मी मालनचं नाव सुचवलं. ज्या मुलीला आकडा आकड्यासारखा वाचता येतो, तिला बाकीचं येईल.

महिपतना पत्र लिहिलं. चूक कोणाची ते नावानिशी.

तिथून आत्मारामकडे गेले. पडवीतच होता. मी चपला काढल्या. पाय बघून तो उठायला लागला.

"बस. तुला कळलं होतं."

"कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस? तुझी नोकरी जात होती!"

 तो म्हणाला, "उंदीर, बाई."

मला वाटलं होतं, तो विसरला असेल. १९८९ साल. एकवीस वर्षांच्या या मुलाने चुकीची केबल कापली आणि अर्धं शहर दोन तास मुकं झालं. मी लॉगबुकात लिहिलं, उंदराने कुरतडली. वरचे साहेब म्हणाले, उंदीर बराच मोठा दिसतो. मी म्हटलं, हो साहेब, कोकणात असतात.

"ती एकदाच केली होती," मी म्हटलं. "खोटी नोंद दोनदा करायची नसते. माझ्यासाठी तर नाहीच."

"बरा."

"आणि हसलास तो हसलास. वर खोकला म्हणून सांगितलंस."

"बाई, एक एप्रिलला केलात हो तुमी. एक एप्रिलला!" आणि तो पोट धरून हसायला लागला. गंगा आतून ओरडली, डोळ्याला जोर पडेल. मीही त्याला गप्प राहा म्हटलं, पण माझंच मला आवरलं नाही.

२/५/२०२५, शुक्रवार

आत्माराम कामावर रुजू. उजव्या डोळ्याने बऱ्यापैकी दिसतं. चष्म्याचा नंबर वाढला. पहिल्यांदा बुरोंडीच्या त्या टीव्हीची चौकशी केली. अजून हाक मारतो आहे म्हटल्यावर त्याला बरं वाटलं.

मालन दर शुक्रवारी शिकायला येते. तिने विचारलं, क्रमांक पुन्हा १४८ करता येणार नाही का? आत्माराम म्हणाला, येईल, दोन्हीकडे खटपट करावी लागेल, पण करायचं नाही. आहे त्यात एकेक मिळवत जायचं. माझ्यासमोर ती विचारते, "का?" आणि हा सांगतो, "ती बाईंची सही हाय." मी दोघांना कामाला लावलं.

त्यामुळे आमच्या फाईलचं असं झालं आहे, की दर बदलाला तिचं एक वर्ष सरतं. ८ एप्रिलला ३१ मार्च २०२६ होता. त्यानंतर पाच बदल झाले. फाईलच्या मते आत्माराम निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. तरी आज सकाळी साडेनऊला आला, डबा घेऊन, आणि पंखा पुसला नाही म्हणून मलाच बोलला.

त्याच्या मुदतवाढीचा अर्ज मी आज लिहायला घेतला आहे. तारीख घातली आहे. दिवस, महिना, वर्ष. तिथे तशीच घालतात.

आजचा बदल: ३१०३२०३१. त्या वर्षी मला अठ्ठ्याहत्तर पूर्ण होतील. तीन मिनिटं खुर्च्यांत बसून राहिलो तिघंही, लॉगकडे बघत.

अलोऱ्याला पोचला.